फिटकरीतला तारा

शर्त लागली ती पोह्यांवर लिंबू पिळता पिळता.

रविवारची सकाळ होती. देवासमध्ये आमची कॉलनी आहे, सगळी फॅक्टरीवाल्यांची. कुणाचा बाप सांगलीहून आला, कुणाचा नगरहून. माझा ओटा म्हणजे तिथली विधानसभा. मी शालिग्राम. आईबापांनी नावच दगडाचं ठेवलं, त्यामुळे मला लाज-शरम जरा कमी आहे. मंडप आणि लाइटिंगचा धंदा करतो आणि उरलेल्या वेळात लोकांच्या खोड्या काढतो. बायको, दुर्गा, म्हणते की ते उलटं आहे.

शेजारच्या जयवंती वहिनी आदल्याच दिवशी धारहून, बहिणीकडून आल्या होत्या. त्यांनी पर्समधून रुमाल काढला आणि रुमालातून एक गोळा. लिंबाएवढा, फिकट गुलाबी. असा गुळगुळीत की माशी बसली असती तर घसरली असती.

"गुलाबी स्फटिक आहे," वहिनी म्हणाल्या. "बहिणीच्या पोरीनं, अक्षदानं, घासलाय. मशीन घेतलंय तिनं धारमध्ये. हातात धरला की मन शांत होतं."

मी धरला. थंड होता, जड होता, आणि खरं सांगायचं तर सोडवेना. उन्हात धरला तर आत दुधात रूहअफ्जा सांडल्यासारखं दिसत होतं.

"आणि ऐका, भावजी," वहिनी म्हणाल्या, "अंधारात याच्यावर एकच टॉर्च मारला की आत तारा दिसतो. सहा किरणांचा."

यावर अशोक भिया हसले. वहिनींचे मिस्टर. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, गिअरच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला होते, आता रिटायर. गिअर हातात घेतला की त्याच्या दातावरचा केसाएवढा ओरखडा त्यांना दिसायचा, अशी त्यांची ख्याती. ही ख्याती त्यांनी स्वतःच पसरवली होती, पण खोटी नव्हती.

"दगडात तारा!" भिया म्हणाले. "उद्या देवीच्या टेकडीवरच्या पायऱ्यांत चंद्र निघेल. अक्षदा पोरगी हुशार आहे, पण मावशीला काहीही विकते."

"विकला नाही, भेट दिलाय," वहिनी म्हणाल्या.

मला राहवेना. "भिया, तारा आहे. लावता शर्त?"

"लाव."

"तुम्हाला तुमच्या डोळ्यांनी तारा दिसला तर तुम्ही हारलात. नाही दिसला तर मी."

"आणि हारणाऱ्यानं काय करायचं?"

दुर्गा आतून ओरडली, "हारणाऱ्यानं बारातीत डोक्यावर लाइट धरून चालायचं! भर चौराह्यातून!"

बारातीत बँडच्या दोन्ही बाजूंनी झुंबरासारख्या लाइटा डोक्यावर घेऊन लोक चालतात ना, त्या माझ्याच असतात. भियांनी त्या कल्पनेनं पोट धरून हसून घेतलं, कारण डोक्यावर लाइट घेतलेला त्यांना मीच दिसत होतो.

"मंजूर," ते म्हणाले. "इन्स्पेक्टरचा शब्द आहे."

तारा उजेडात दिसत नाही म्हणून ठरलं, दुपारी माझ्या गोडाऊनमध्ये. तिथे शटर ओढलं की भरदुपारीही काळोख.

आता इथे एक गंमत झाली, आणि देवाशप्पथ ती मी केली नव्हती. दुपारी वहिनी भजनाला गेलेल्या. मी त्यांच्या घरी दगड आणायला गेलो, तर घरी फक्त कोमल, त्यांची सून. कोमल कुक्षीची, मराठीच घरची, पण सगळं शिक्षण हिंदीत. नवरा विपुल पिथमपूरला, शनिवार-रविवारीच येतो, आणि त्या रविवारी तोही ड्यूटीवर. मी वहिनींना फोन लावून स्पीकरवर टाकला. मागे टाळ वाजत होते.

"अगं कोमल, भावजींना तो स्फटिक दे! गुलाबी! नीट पुसून दे!"

"जी आई," कोमल म्हणाली आणि आत गेली. आली ती हातात एक गोळा घेऊन. गुळगुळीत, फिकट गुलाबी, थोडा पारदर्शक. पण देव्हाऱ्यातून नाही, बाथरूममधून.

"लो काका. पर बाबांची फिटकरी तुम्हाला कशाला हवी?"

मी बघतच राहिलो. अशोक भियांची दाढीनंतर गालावर फिरवायची गुलाबी फिटकरी! आपण मराठीत तुरटी म्हणतो ती. रोज ओली करून करून अशी घासली गेली होती की अक्षदाच्या मशीनला लाजवेल. कोमलच्या तोंडी तो दगड म्हणजे 'क्रिस्टल'. स्फटिक हा शब्दच तिनं कधी वापरलेला नाही. टाळांच्या आवाजात स्फटिक तिच्या कानात शिरला आणि फिटकरी होऊन बाहेर पडला.

भला माणूस असता तर म्हणाला असता, बेटा, चूक झाली. मी म्हणालो, "थँक्यू बेटा," आणि फिटकरी खिशात टाकली.

गोडाऊनमध्ये ओट्यावरची सगळी विधानसभा हजर. शटर खाली. मी फिटकरी स्टुलावर ठेवली, टॉर्च पेटवला. आत्ता भिया तिला हात लावतील, म्हणतील, "अबे, ही तर माझी फिटकरी!" आणि मग हशा. एवढाच माझा प्लॅन होता.

भिया वाकले. डोळे बारीक केले. टॉर्च जरा सरकवायला सांगितला. 

"अरे यार," ते म्हणाले. "आहे."

"काय आहे?"

"तारा. किरणं निघतायत ना. सहा नाहीत, जास्त आहेत... दहा-बारा. सगळीकडे." त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "जया खरं सांगत होती. मी हारलो, शालू."

मागून कुणीतरी टाळी वाजवली. मी हसायला तोंड उघडलं, तेवढ्यात शटर वर गेलं आणि भजनाहून थेट आलेल्या वहिनी उजेडात उभ्या. त्यांनी स्टुलाकडे पाहिलं.

"अहो, ही तर तुमची फिटकरी."

लोक हसले. असे हसले की माझे रचलेले बांबू हलले. भियासुद्धा हसले. मग त्यांनी ती उचलली, अंगठ्यानं चाचपली, ओळखली. आणि त्यांचं हसू मध्येच थांबलं.

"फिटकरी आहे," ते म्हणाले. "मग तारा कुठून आला?"

 मला सांगता आलं असतं. माझा धंदाच उजेडाचा आहे. फिटकरीत तारा नसतो, टॉर्चमध्येही नसतो. रोज सकाळी जी वस्तू गालावर फिरवतो ती माणसाला हातभर अंतरावरून ओळखता येत नाही, आणि प्रत्येक दिव्याला किरणं फुटलेली दिसतात, तेव्हा तारा कुठे असतो हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

वहिनींनीच सांगितलं, हळूच. "तुमच्या डोळ्यांत, अहो. मी कधीपासून म्हणतेय, दाखवून घ्या."

भियांनी फिटकरी खिशात टाकली आणि तडक घरी गेले.

मला तेव्हा एकच आठवलं. रोज सकाळी हा माणूस स्कूटरवर आपल्या नातीला, चिऊला, शाळेत सोडतो. हायवेची क्रॉसिंग पार करून.

दुसऱ्या दिवशी सकाळी भियांची स्कूटर पंक्चर. "काय राव भिया, नशीबच खराब," असं म्हणून मी माझ्या गाडीवर चिऊला सोडून आलो. त्यानंतरच्या दिवशी पण पंक्चर. मग पुढचा टायर. मग पुन्हा मागचा. चिऊ मला विचारायला लागली, "काका, आजोबांच्या स्कूटरला सर्दी होते का?"

शेवटी एका सकाळी मी टायरपाशी उकिडवा बसलो असताना मागून आवाज आला.

"शालू, व्हॉल्वची पिन खाली ठेव."

मी ठेवली.

"तूच हवा काढतोस."

"हो."

"का?"

"शर्तीच्या दोन दिवस आधी दूधवाल्याला तुम्ही पाहिलं नाहीत. त्यानं सायकल नालीत घातली म्हणून वाचला. मी ओट्यावरून बघत होतो."

भिया शेजारी पायरीवर बसले.  मग म्हणाले, "मनावर गावात होतो तेव्हा बाबांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. कुठल्याशा शिबिरात. पट्टी काढली तर काहीच नाही. त्यानंतर ते भिंतीकडे तोंड करून बसायचे. म्हणायचे, तिकडे काय आणि इकडे काय, सारखंच." त्यांनी हात चोळले. "निदान आत्ता मला चिऊचा चेहरा तरी दिसतो. धूसर का होईना. तोही गेला तर?"

 मी टायरमध्ये हवा भरून दिली. पण स्कूटरची चावी काढून माझ्याच खिशात ठेवली.

पुढच्या रविवारी अक्षदा धारहून आली. दुर्गानंच फोन केला होता. पोरगी तिशीची, नखांत पांढरी पावडर, बोलण्यात एकदम सरळ. वहिनींनी तिला आल्याआल्या विचारलं, "हा स्फटिक रोज रात्री यांच्या डोळ्यांवर ठेवतेय मी. गुण येईल ना?"

"मावशी, थंड वाटेल. बरं वाटेल. झोप लागेल," अक्षदा म्हणाली. "मोतीबिंदू नाही जाणार. लोक माझ्याकडे येतात, कुणाला प्रेम पाहिजे, कुणाला शांती. मी म्हणते हातात धरा, सुंदर आहे, धरवत असेल तर धरा. पण औषध म्हणून नाही विकत मी."

भिया आतून ऐकत होते. "बघा! तारा पण असाच असणार. नुसतं बोलायला."

"काका, तारा असतो," अक्षदा म्हणाली. "आत केसाहून बारीक तंतू असतात, तीन दिशांना आडवे-तिरपे. उजेड त्यांच्यावर पडला की रेषा उमटतात. पण दगड गोल पाहिजे आणि पॉलिश आरशासारखं पाहिजे. खरखरीत राहिला तर उजेड वरच विस्कटतो, आत काही दिसत नाही."

पुन्हा गोडाऊन, पुन्हा शटर. या वेळी खरा दगड, आणि तो अक्षदानं स्वतः ठेवला, कारण माझ्यावर आता कुणाचा भरोसा नव्हता. टॉर्च पेटला. तिनं गोळा जरा फिरवला, आणि गुलाबी दुधात आत एकदम सहा पांढऱ्या रेषा उभ्या राहिल्या. बारीक, ताठ, मधोमध एका ठिपक्यात मिळालेल्या. दगड फिरवला की तारा त्याच्या पाठीवर सरकायचा, जसा काही जिवंत आहे. दुर्गाच्या तोंडून "अगं बाई!" निघालं. मी चाळीस प्रकारच्या लाइटा बघितल्यात, पण माझ्याही अंगावर काटा आला.

भिया वाकून वाकून बघत होते. शेवटी सरळ झाले.

"मला काही दिसत नाही. नुसता धूर आहे." मग एकदम त्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे मी जिंकलो! ठरलं काय होतं? माझ्या डोळ्यांनी दिसला तर मी हारलो. नाही दिसला. शालू, चल, लाइट उचल!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. शब्दांनुसार माणूस बरोबर होता.

मी म्हणालो, "उचलतो भिया. आत्ता उचलतो. पण एक सांगा, तुमच्या कारखान्यात गेज खराब निघाला तर काय करायचात?"

ही गोष्ट मी त्यांच्याच तोंडून शंभरदा ऐकली होती. गेज म्हणजे माप तपासायचं हत्यार. तेच चुकलं तर त्यानं तपासलेला सगळा माल संशयात.

"गेज कॅलिब्रेशनला पाठवायचो," भिया सवयीनं म्हणाले. "तोवर त्या गेजनं पास केलेला माल होल्डवर. रिजेक्ट केलेला पण होल्डवर."

"या गेजनं फिटकरी पास केली आणि स्फटिक रिजेक्ट केला."

भिया स्टुलावरच्या दगडाकडे बघायला लागले.

"सांगा ना, इन्स्पेक्टर साहेब. निकाल लागला की होल्डवर?"

त्यांनी मला अशी एक शिवी दिली की अक्षदानं कानावर हात ठेवले. मग म्हणाले, "होल्डवर."

"मग गेज पाठवा."

"पाठवतो! साफ करून आणतो डोळे आणि सांगतो तुम्हाला सगळ्यांना, की त्या दगडात घंटा काही नाही!" ते तणतणत शटरपर्यंत गेले. तिथे थांबले, वळले नाहीत. "जया, कोणत्या डॉक्टरकडे म्हणत होतीस?"

वहिनी पदरात तोंड घालून रडत होत्या की हसत होत्या, मला कळलं नाही.

इंदूरला नेलं. गाडी मीच चालवली. मी रस्त्यात त्यांच्यावर एक चुटकुलासुद्धा टाकून पाहिला, फुकट गेला. हॉस्पिटलमध्ये हिरवा झगा घालून बसवलं तेव्हा त्यांनी झग्याची नाडी तीनदा बांधली, तीनदा सोडली. वहिनींनी पर्समधून रुमाल काढला आणि दगड त्यांच्या मुठीत दिला.

"याच्यानं काही होत नाही, अक्षदा बोलली ना," भिया म्हणाले.

"होत नाही तर नाही. धरा."

त्यांनी धरला. नर्स आली, म्हणाली, "बाऊजी, ये अंदर नहीं जाएगा." भिया म्हणाले, "सिस्टर, दरवाजे तक तो जाने दो." ती हसली आणि तिनं दरवाज्यापर्यंत जाऊ दिला. तिथे त्यांनी तो माझ्या हातात दिला. थंड दगड गरम झाला होता, आणि घामानं ओला. मी तो पूर्ण वेळ धरून बसलो. कुणी बघत नाही ना, हे आधी पाहून घेतलं.

एक डोळा झाला, काही आठवड्यांनी दुसरा. पट्टी काढून घरी आल्यावर भियांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे चिऊला समोर उभं केलं आणि तिच्या हनुवटीला धरून चेहरा इकडून तिकडे फिरवला, जसा गिअर फिरवायचे. "हा तीळ कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं. कोमल म्हणाली, "बाबा, जनम से." मग ते आत जाऊन बसले. कुणी त्यांच्या मागे गेलं नाही.

उन्हाळा लागता लागता डॉक्टरनं सांगितलं, आता सगळी कामं करा. अक्षदा आली, गोडाऊनचं शटर पडलं. भियांना माहीत होतं की शर्त त्यांच्या हातात आहे. नुसतं "नाही दिसत" म्हणायचं, बस्स. माणसाच्या डोळ्याला काय दिसतं ते दुसरा कोण तपासणार? आणि त्यांच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो, हे पण सांगून ठेवतो.

टॉर्च पेटला. भिया वाकले. अक्षदानं गोळा अगदी थोडा फिरवला.

 मग त्यांचं बोट हवेत हलायला लागलं.

"एक, दोन, तीन... चार, पाच, सहा." ते सरळ झाले. "सहा. मधला ठिपका पण साफ. या एका रेषेला टोकाशी जरा वाक आहे, पोरी, पॉलिश तिथे कमी पडलंय."

"हो काका," अक्षदा म्हणाली, "तिथे हात थोडा आधी थांबला होता."

"आता बोला, भिया," मी म्हणालो.

"काय बोलायचं? माल पास. मी हारलो."

अक्षय्य तृतीयेनंतर आमच्याच कॉलनीत जयसिंगरावांच्या मुलाची बारात होती, माझीच लाइटिंग. भिया सफारी घालून, केस चापून, वेळेच्या आधी हजर. मी म्हणालो, "भिया, दोन पावलं चाला, फोटो काढू, झालं." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी नापास गिअर पुढे ढकलायला सांगतोय.

"भर चौराह्यातून ठरलं होतं. ठेव डोक्यावर."

मी झुंबर डोक्यावर ठेवलं. बँड सुरू झाला. आणि देवासच्या भर रस्त्यावर, नवरदेवाच्या घोडीपुढे, गिअर कारखान्याचे माजी इन्स्पेक्टर अशोक भिया झुंबर घेऊन निघाले. पाठ ताठ, नजर समोर. चिऊ त्यांच्या बाजूनं नाचत होती. गॅलऱ्यांमधून लोक ओरडत होते, "ओ भिया! पेन्शन बंद झाली काय?" कोमल मोबाइलवर व्हिडिओ काढत हसून हसून रडत होती. वहिनी मात्र रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या, हात जोडून, जशी काही पालखी चाललीय.

नालछ्याहून आलेला नवरदेवाचा एक मामा मला म्हणाला, "भाईसाब, ये आपका आदमी बड़ा शरीफ दिखता है. कहाँ से लाए?"

भियांनी ऐकलं. मान न हलवता म्हणाले, "शर्त हारा हूँ, साहब. दिखता था, इसलिए हारा."

मामाला काही कळलं नाही. चौराहा आला. मी पुढे होऊन म्हणालो, "बस भिया, झालं. द्या इकडे."

"थांब," भिया म्हणाले. झुंबराखालून त्यांनी हात लांब करून पलीकडच्या रांगेकडे बोट दाखवलं, जिथे माझी सहा माणसं सहा झुंबरं घेऊन उभी होती. "ते तिसरं. खालच्या फेरीत डावीकडून दुसरा बल्ब बंद आहे. असा माल घेऊन तू लोकांकडे बारातीला येतोस? लाज नाही वाटत?"

मी बघितलं. खरंच बंद होता. मला दिवसभर दिसला नव्हता.

"बँडवाले, वाजवा!" भिया ओरडले आणि चौराहा ओलांडून पुढच्या गल्लीत चालू लागले.